मुर्वानीबाईंचा खारट चहा

मुर्वानीबाईंच्या वर्गात पहिलं आसन चहाचं असे. बुधवारी सकाळी बालवाडीमागच्या हॉलमध्ये गरोदर बायका जमायच्या, कुणी पाचव्या महिन्यातली, कुणी आठव्या. दाराशी चपला निघायच्या, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघून व्हायचा, आणि मग मुर्वानीबाई स्वतः किटली घेऊन प्रत्येकीच्या पेल्यात चहा ओतायच्या. त्यातल्या एका पेल्याच्या तळाशी मीठ असे. कुठल्या, ते त्यांनाच ठाऊक. जिच्या वाट्याला तो पेला येई तिनं सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणायचं, "बु, चहा खारट आहे." बु म्हणजे आमच्याकडचं 'बाई'. ती तसं म्हणेपर्यंत चटया उलगडायच्या नाहीत, असा दंडक होता.

सुम्बरजाती या आमच्या गावाबाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण आमच्याकडे मोठ्या माणसासमोर 'नको', 'दुखतंय', 'आवडलं नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. त्यांनी विचारायचं आणि आपण 'इंग्गिह' म्हणायचं, होय जी, आणि मान खाली घालायची. पोट रिकामं असलं तरी इंग्गिह आणि तुडुंब भरलं असलं तरी इंग्गिह. जावा बेटावरच्या मुलीला हा शब्द दुधाबरोबर पाजतात. मुर्वानीबाईही तोच पिऊन वाढल्या होत्या.

त्या गावात आल्या त्या सरकारी सुईण म्हणून, ऐन पंचविशीत, जुन्या मोटारसायकलला मागं पेटी बांधून. इथल्याच शाळामास्तरांशी, सुयात्नोरावांशी, आमच्या बोलीत पाक सुयात्नोंशी, त्यांचं लग्न झालं आणि त्या इथल्याच झाल्या. आज गावात जी तरणी पोरं भातात राबतात नाहीतर फटफटीवरून हिंडतात, त्यांतली निम्मी त्यांच्या हातावर जन्मली. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्या जिल्ह्याच्या गावी जाऊन गरोदर बायकांचा योग शिकून आल्या आणि बुधवारचा वर्ग सुरू केला.

कुजबुज झालीच. मशिदीतल्या एका वडीलधाऱ्यानं वाटेत थांबवून विचारलं, "यात मंत्रबिंत्र आहे का हो?"

"मंत्र नाही, श्वास आहे," मुर्वानीबाई म्हणाल्या. "आणि श्वास घेण्याआधी प्रत्येकीनं मनात बिस्मिल्ला म्हणायचं."

त्यांचं समाधान झालं. समाधान झालं नाही ते बुदेंचं. बुदे म्हणजे पाक सुयात्नोंची थोरली बहीण. मुलाच्या नात्यानं, थोरली आत्या म्हणून, घरातले सगळेच त्यांना बुदे म्हणत, आणि हळूहळू गावही म्हणू लागलं. लग्न होऊन त्या दूर सुमात्राला गेल्या होत्या आणि विधवा होऊन एकट्याच परतल्या. तिथं काय झालं ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गावात कुणाचीही मितोनी असली, म्हणजे सातव्या महिन्याचं न्हाणं, तर फुलं किती, पाणी कुठल्या विहिरींचं, कुठलं वस्त्र कुठल्यानंतर, हे सगळं बुदे सांगणार. फक्त पाण्याला त्या हात लावत नसत. गर्भारणीच्या अंगावर पाणी घालायचं ते लेकुरवाळीनं, असा रिवाज, आणि बुदेंच्या पदरात मूल नव्हतं. त्या बाजूला उभं राहून बोटानं दाखवत.

"आमच्या वेळी सातवा लागला की उकिडवं बसून घरभर फरशी पुसायची," बुदे म्हणाल्या. "तोच आमचा योग. त्याला चटई लागत नव्हती की मास्तरीण लागत नव्हती."

"इंग्गिह, बुदे," मुर्वानीबाई म्हणाल्या, आणि बुधवारी वर्ग घेतला.

त्यांचा योग बघायला शहरातला कुणी आसनबहाद्दर आला असता तर त्याची निराशाच झाली असती. हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर घ्यायची आणि सरळ करायची. भिंतीला पाठ टेकून हात वर न्यायचे. खिडकीचे गज धरून, खाली बुटकं स्टूल ठेवून उकिडवं बसायचं, तेही जिला डॉक्टरनं मोकळीक दिली तिनंच. शेवटी डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन पडून राहायचं. पोट वाढल्यावर उताणं झोपायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, पोटाला पीळ द्यायचा नाही. आणि एक गोष्ट त्या दर आठवड्याला न चुकता सांगत, "जेवढं जमतंय त्याच्या अर्ध्यावर थांबा. या दिवसांत सांधे सैल होतात. शरीर गोड बोलून तुम्हाला पुढं नेतं. त्याच्या गोड बोलण्याला भुलू नका."

प्रत्येक आसनानंतर त्या विचारत, "कुणाला दुखतंय? चक्कर? अंगावरून काही जातंय?"

सगळ्या एका सुरात म्हणत, "नाही, बु."

खारट पेला सुरू होण्याआधी असाच एकदा पार्सिनीनंही 'नाही, बु' म्हटलं होतं. पार्सिनी विटांच्या भट्टीवर कामाला जाणाऱ्याची बायको, सहा महिन्यांची गर्भार, वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन चटया अंथरणारी. त्या दिवशी गज धरून उकिडवी बसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मुर्वानीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बरं वाटतंय ना गं?" ती हसली, "इंग्गिह, बु" म्हणाली, वर्ग संपल्यावर सगळ्यांचे पेले विसळून ठेवले, आणि घरी जाताना भाताच्या बांधावर रक्ताच्या थारोळ्यात कोसळली. सकाळपासूनच तिला डाग दिसत होते. वार खाली सरकलेली होती. मूल गेलं.

डॉक्टर म्हणाले, हे घरी बसूनही झालं असतं, आसनाला दोष देता येणार नाही. मात्र सकाळीच सांगितलं असतं तर हातात वेळ होता. मुर्वानीबाईंना ते पुरेसं नव्हतं. त्या इस्पितळात पार्सिनीजवळ जाऊन बसल्या. पार्सिनीनंच त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "माफ करा, बु. माझ्यामुळं तुमच्या वर्गाला खोळंबा झाला."

त्या वाक्यानं मुर्वानीबाई आतून मोडल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी सोसल्या असत्या. त्यांनी वर्ग बंद केला, चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या, आणि पुढं बरेच महिने त्या विषयावर बोलणं टाळलं.

शेवटी गावातल्या पोटुशा बायकाच घोळका करून त्यांच्या घरी आल्या. वर्ग पुन्हा सुरू करा म्हणायला आल्या होत्या, पण आमच्या रीतीनं तो विषय सोडून पावसापाण्याचं, मिरचीच्या भावाचं बोलत बसल्या. पाक सुयात्नोंनी कौतुकानं स्वतः चहा केला. शेजारीण आदल्या दिवशी जेवणावळीसाठी डबे मागून घेऊन गेली होती आणि परत देताना साखरेच्या डब्यात मीठ भरून गेली होती. मास्तरांनी चमचे भरभरून टाकलं. बायकांनी पेले उचलले, फुंकर घातली, प्यायल्या. एकीनं तर मास्तरांना बरं वाटावं म्हणून आणखी अर्धा पेला मागून घेतला.

मुर्वानीबाईंनी सगळ्यांच्या शेवटी घोट घेतला. तो गिळवेना. त्यांनी बायकांकडं पाहिलं.

"चहा कसा झालाय?"

"छान झालाय, बु."

"गोड आहे?"

"इंग्गिह, बु."

मुर्वानीबाईंना आधी हसू फुटलं. मग हसता हसताच त्या रडायला लागल्या, आणि बायका पेले हातात धरून घाबऱ्याघुबऱ्या होऊन बघत राहिल्या.

"जिभेवर मीठ आहे ते मला सांगत नाही," त्या म्हणाल्या, "तर पोटातलं रक्त कसं सांगणार तुम्ही मला?"

पुढच्याच बुधवारी चटया माळ्यावरून उतरल्या आणि वर्गात पहिला खारट पेला आला. पहिल्या दिवशी तो पेला आलेली मुलगी इतक्या बारीक आवाजात बोलली की शेजारणीलाही ऐकू गेलं नाही. मुर्वानीबाई मांडी घालून बसून राहिल्या. उन्हं दारातून पार आत आली तेव्हा कुठं त्या पोरीनं डोळे मिटून, विहिरीत उडी मारावी तसं म्हणून टाकलं. सगळ्या हसल्या, आणि वर्ग सुरू झाला.

हळूहळू त्या शब्दांना पाय फुटले. ओणव्यानं पाठीत कळ आली की एखादी म्हणे, "बु, चहा खारट." मुर्वानीबाई उठून यायच्या, तिला डाव्या कुशीवर घ्यायच्या, पाय वर ठेवायच्या. 'दुखतंय' म्हणायला आमच्या बायकांना जड जातं. त्यात आपण कुणालातरी त्रास देतोय असं वाटतं. चहाला नाव ठेवायला तेवढं जड जात नाही. पुरुष चौकात थट्टा करायचे, 'आल्या खारट चहावाल्या'. बुदे म्हणायच्या, "पाहुण्याच्या चहात मीठ घालणारं हे एकच घर असेल मुलखात." पण त्या एका वाक्यामुळं एकीची कमी झालेली बाळाची हालचाल वेळेवर कळली, एकीचं पाणी गळत होतं ते कळलं. पार्सिनीही पुन्हा गर्भार राहिली तेव्हा वर्गाला आली, आणि पहिल्याच दिवशी, तिच्या पेल्यात मीठ नसताना, म्हणाली, "बु, माझाही खारट आहे. मला भीती वाटते." तिला त्या वेळी मुलगा झाला.

आणि मग मुर्वानीबाईंची स्वतःची सून वर्गात आली.

गालिह त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची बायको रेत्नो, सोलो शहराकडची, आवाज कधी वर न जाणारी, घरात चालली तरी पाऊल न वाजणारी. पाचव्या महिन्यापासून ती वर्गात येऊ लागली. आसनं नेटकी करायची. मुर्वानीबाईंनी तिच्या पेल्यात मीठ घातलं. रेत्नो तळापर्यंत प्यायली.

"कसा होता?"

"छान होता, आई."

बायका तोंडावर हात घेऊन हसल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा तिलाच. पुन्हा छान. तिसऱ्यांदा मुर्वानीबाईंनी चांगलं चमचाभर मीठ घातलं. रेत्नोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पेला रिकामा झाला. घरी भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "रेत्नो, खारट होता ना गं?"

"थोडासा, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दिला होता ना."

मुर्वानीबाई निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागल्या. गावभरच्या पोरींना बोलायला शिकवलं, आणि जिच्या पोटात आपलं नातवंड आहे तीच आपल्यापुढं तोंड उघडू शकत नाही. शिकवणारी आणि सासू एकच, हा तिढा कसा सोडवायचा ते त्यांना कळेना. पार्सिनीचा पांढरा चेहरा त्यांना पुन्हा दिसायला लागला, आता सुनेच्या खांद्यांवर.

मितोनीचा दिवस उजाडला. बुदे पहाटेपासून अंगणात होत्या. विहीणबाई सोलोहून फुलांच्या पाट्या घेऊन आल्या, नारळाची कोवळी पिवळी शहाळी आली, स्वयंपाकघरात वाफेनं भिंती ओल्या झाल्या. मुर्वानीबाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आदल्या बुधवारी वर्गात रेत्नोचा रक्तदाब थोडा चढा होता. घरातल्या धावपळीनं असेल, उद्या बघू, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो उद्या कामात निघून गेला होता. रक्तदाबाचं यंत्र खिळ्याला टांगलेलं होतं. रेत्नोचा चेहरा भरलेला दिसत होता. "किती तेज आलंय," विहीणबाई म्हणाल्या.

लेकुरवाळ्यांनी एकेक करून पाणी घातलं. मग वस्त्रं नेसवायला सुरुवात झाली. आमच्याकडे गर्भारणीला सात वस्त्रं एकावर एक बदलून नेसवतात. पहिली सहा भारी, नक्षीची बाटिक; प्रत्येक वेळी बुदे विचारणार, "शोभतं का?" आणि जमलेल्या बायका ओरडणार, "अजून नाही." सातवं साधं जाडंभरडं सुती वस्त्र आलं की सगळ्या म्हणणार, "आता शोभतं." एरवी कशालाच नाही न म्हणणाऱ्या आमच्या बायका त्या दिवशी मात्र नाहीचा कंठशोष करून घेतात.

पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याच्या निऱ्या मुर्वानीबाई स्वतः खोचत होत्या. बायका "अजून नाही" म्हणून हसत होत्या, आणि त्या गलक्यात रेत्नोनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आई," ती म्हणाली, ओठ जेमतेम हलले. "चहा खारट आहे."

आसपास चहा नव्हता. मुर्वानीबाईंनी वर पाहिलं. सुनेचे डोळे उजेड सोसवत नसल्यासारखे बारीक झाले होते.

"डोकं?"

रेत्नोनं मान डोलावली. "सकाळपासून. आणि डोळ्यांपुढं ठिपके."

मुर्वानीबाईंनी वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"पुढचं वस्त्र," बुदे म्हणाल्या.

"बुदे, थांबायला हवं."

"अर्ध्यात थांबत नसतात. असं न्हाणं अर्धवट राहिलं तर बाळावर बेतेल. तीनच तर राहिलीत. पोर उभं राहून दमलीय, एवढंच." बुदेंनी रेत्नोकडं पाहिलं. "हो ना गं?"

"इंग्गिह, बुदे," रेत्नो म्हणाली.

विहीणबाई पदर चाचपत होत्या. सगळ्यांच्या नजरा मुर्वानीबाईंवर होत्या, आणि त्यांच्या तोंडात तोच शब्द तयार होता, इतक्या वर्षांच्या सवयीनं गोल होऊन आलेला. बुदेंना त्यांनी आजवर एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. लग्नातल्या बांगड्यांपासून मुलाच्या नावापर्यंत सगळ्याला इंग्गिहच म्हटलं होतं. बायकांना दर बुधवारी शिकवत होत्या, पण स्वतः त्या कधी खारट चहाला खारट म्हणाल्या नव्हत्या.

"नाही, बुदे," त्या म्हणाल्या. आवाज कापला. म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "नाही. गालिह, गाडी काढ."

कुणी हललं नाही. मग मागून पार्सिनी पुढं आली, खिळ्यावरचं यंत्र काढून तिनं मुर्वानीबाईंच्या हातात दिलं. आकडा फार चढा होता. चौथ्या बाटिकसकट त्यांनी सुनेला गाडीत डाव्या कुशीवर घेतलं. बुदे उरलेली तीन वस्त्रं हातावर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते, आणि मग आई की बाळ असा प्रश्न पडला असता. सुया टोचून, औषधं देऊन त्यांनी काही दिवस ढकलले. मग पोट उघडून मुलगी काढावी लागली. ओंजळीत मावेल एवढीच. काचेच्या पेटीत ठेवली. रेत्नो धोक्यातून बाहेर आली, पण पोरीबद्दल छातीठोकपणे सांगायला कुणी तयार होईना.

मुर्वानीबाई त्या पेटीबाहेरच्या बाकावर बसून असत. गावात काय बोललं जातंय ते त्यांच्या कानावर आलं होतं. अर्धवट राहिलेलं न्हाणं, मोठ्या नणंदेचा अपमान, आणि आता हे एवढंसं पोर. पोरीला काही झालं असतं तर सगळ्यांनी ते त्यांच्या त्या 'नाही'च्याच पदरात टाकलं असतं. त्यांना भीती वाटत होती, आणि या खेपेला भीती वाटते असं त्यांनी मास्तरांना सांगितलंही.

एका सकाळी बुदे आल्या. एकट्या, बसनं. काखेत गाठोडं होतं. मुर्वानीबाई उठून उभ्या राहिल्या, मान खाली घातली, बोलणी खायची तयारी केली. बुदे बाकावर बसल्या. काचेतून पोरीकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हिच्यापेक्षा मोठा होता तो," त्या म्हणाल्या.

"कोण, बुदे?"

"माझा. सुमात्राला. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, तो लहान होता तेव्हा." बुदेंनी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली, ती त्यांना सुटेना. "मितोनीच्या दिवशी माझंही डोकं असंच ठणकत होतं. डोळ्यांपुढं ठिपके. सासू विचारायची, बरं आहे ना? मी म्हणायची, इंग्गिह. सातही वस्त्रं नेसले मी. सगळ्या म्हणाल्या, शोभतं. त्याच रात्री झटके आले. शुद्धीवर आले तोवर त्याला पुरूनही झालं होतं."

मुर्वानीबाई खाली बसल्या.

"तू चहात मीठ घालतेस म्हणून मी तुला हसायची," बुदे म्हणाल्या. "माझा चहा खारट होता, मुर्वानी. मी सगळा प्यायले."

गाठ सुटली. आत ते सातवं वस्त्र होतं, जाडंभरडं, धुऊन मऊ केलेलं. बुदेंनी त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून आणल्या होत्या, बाळाला डोक्याला गुंडाळायला पुरतील एवढ्या. परिचारिकेनं त्यातली एक उकळून, वाळवून आणली आणि पेटीत हात घालून पोरीच्या डोक्याला गुंडाळली. बुदेंनी काचेला हात लावला. एवढ्या वर्षांत कुणाच्या बाळाच्या इतक्या जवळ त्यांचा हात गेलेला मुर्वानीबाईंनी पाहिला नव्हता.

मुर्वानीबाईंनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्या पुढं केला. बुदेंनी घोट घेतला, दोन्ही हातांनी झाकण धरलं.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या.

मुर्वानीबाई उठल्या आणि साखर मागायला इस्पितळाच्या स्वयंपाकघराकडं गेल्या.